अब्बाची बाजू

१

माझे कान चांगले आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणणार, म्हाताऱ्याला भास व्हायला लागले. सौदीत जुबैलला बावीस वर्षं मी एसी दुरुस्त केले. नुसता आवाज ऐकून सांगायचो, ह्याचं बेअरिंग गेलंय, त्याचा गॅस कमी आहे. साहेब लोक मीटर लावून बघायचे, आणि मीटर माझ्या मागून तेच सांगायचा. आता चौसष्ट पूर्ण झाली, गुडघे गेले, निम्मे दात गेले, पण कान शाबूत आहेत.

म्हणूनच जावई नोमानने मला तो हेडफोन पाठवला. नोमान दोहाला असतो आणि गाण्यांच्या बाबतीत पक्का येडा आहे. हल्लीच्या फोनला हेडफोनचं भोकच नसतं, ही कसली प्रगती अल्ला जाणे. तर त्याने बोटभर लांबीची एक वायर पाठवली. एक टोक फोनमध्ये, दुसऱ्या टोकाला हेडफोन, आणि मध्ये नखाएवढी डबी. तिला डॅक म्हणतात. मी शेपूट म्हणतो.

"अब्बा, फोन गाणं जसं हाय तसं देत नाय," व्हिडिओ कॉलवर नोमान समजावत होता. "सगळे आवाज एकत्र कालवतो, मग कानात सोडतो. ही वायर लावा आणि मी दिलेल्या ॲपमधूनच ऐका. मग फोनला मध्ये तोंड घालता येत नाय. मेसेज आला तरी वाजणार नाय. फाइलमध्ये हाय तेवढंच येणार, आणि हाय तसंच."

हाय तेवढंच, आणि हाय तसंच. हे वाक्य लक्षात ठेवा.

मी रोज दुपारी जेवून, जोहरची नमाज पढून पडवीत बसायला लागलो. रोह्याच्या आमच्या घराची पडवी लांबट आहे, कुंडलिकेकडून वारा येतो. मधोमध झोपाळा, लाकडी पाट आणि लोखंडी कड्या. डावीकडची एक कडी वाकलेली आहे, म्हणून झोपाळा हलला की कर्र होतं आणि मग टक. कर्र, टक. चाळीस वर्षं तोच आवाज. मी कितीदा म्हटलं, दुरुस्त करतो. माझी बायको अजरा म्हणायची, राहू द्या, कोण बसलंय ते मला आतून बरोबर कळतं.

मी झोपाळ्यावर बसत नाही, गरगरतं. समोर प्लास्टिकची खुर्ची टाकतो, कानांवर हेडफोनच्या त्या दोन काळ्या, वाटीएवढ्या गाद्या चढवतो आणि डोळे मिटतो. मुलगी सादिया पेणहून आली की हसते. म्हणते, अब्बा, तुम्ही अगदी विमान चालवणारे दिसता.

सुरुवातीला मी कव्वाल्या ऐकल्या. खोटं नाही सांगत, गाणारा ओळीआधी श्वास घेतो तो ऐकू यायचा. तबलेवाल्याच्या बोटातली अंगठी तबल्याच्या कडेला लागायची ती ऐकू यायची. आयुष्यभर ऐकलेल्या गाण्यांमध्ये एवढी माणसं बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

मग रमजानच्या आधी अजरा गेली, आणि कव्वाल्या बंद झाल्या.

२

अजराच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना डबा होता. त्यात एकोणीस कॅसेटी.

आमच्या काळात जुबैलहून फोन करायचा म्हणजे खिसा रिकामा, आणि अजराला लिहिता यायचं नाही. मोहल्ल्यातली निम्मी घरं तेव्हा कॅसेटीवर बोलायची. साठ मिनिटांची कॅसेट. ए बाजू तिची, बी बाजू माझी. तिने टेपसमोर बसून बोलायचं आणि सुट्टी संपवून निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत कॅसेट टाकायची. मी ए ऐकायची, बीवर जवाब भरायचा आणि घरी निघालेल्याच्या हातात परत द्यायची. प्रत्येक घराची हीच रीत. दुसऱ्याच्या बाजूवर कुणी बोलायचं नाही.

त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये कोलाडच्या जुहेबने एक कॅसेट आणून दिली. म्हणाला, "मुसाभाय, आमच्या कंपनीचा एक माणूस पहाटे निघतोय. जवाब द्यायचा असंल तर आत्ता दे."

मी दोन शिफ्ट सलग करून आलो होतो. एका खोलीत आम्ही सहा जण. बिछान्यावर आडवा होऊन ए बाजू लावली. अजरा कौलांबद्दल बोलत होती, शेळीबद्दल, मग आमच्या पोरीच्या तापाबद्दल. जिकरा तेव्हा पाच वर्षांची होती. ऐकता ऐकता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा ए बाजू संपून टेप बंद पडला होता आणि जुहेब दारात घाई करत होता. मी कॅसेट उलटली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि बोललो.

बी बाजू आधी ऐकून बघायची, असं मनातसुद्धा आलं नाही. माझीच बाजू ती. कोरी असणार.

३

जिकरा सप्टेंबरात गेली. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मला कळलं तेव्हा मातीसुद्धा होऊन गेली होती. कंपनीने सुट्टी दिली ती पुढच्या वर्षी.

मी घरी आलो. अजराने पाणी दिलं, झोपाळ्यावर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"जिकरा काय बोलली तुमाला?"

मला काही समजेना.

"कॅसेटवर," ती म्हणाली. "मला नाय ऐकू दिलं तिनं. म्हणाली, अब्बाच्या बाजूवर मी बोलणार. मला आत पाठवलं आन एकटीच पडवीत बसून बोलली. काय बोलली माझी पोर?"

तेव्हा मला कळलं, माझी बाजू कोरी नव्हती. मी काय सांगणार होतो? तुझ्या मेलेल्या पोरीच्या आवाजावर मी स्वतःचा आवाज भरला, न ऐकताच? अजराचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते.

"बाहुली मागितली," मी म्हटलं. "डोळे मिटणारी."

अजरा रडली. मग हसली. म्हणाली, "मला वाटलंच होतं."

त्यानंतर दरवर्षी सप्टेंबरात ती एक बाहुली घ्यायची आणि नदीपलीकडच्या वाडीवर, आमच्याकडे कामाला येणाऱ्या आवडीच्या घरी देऊन यायची. आधी आवडीच्या लेकीला, मग नातीला. तीस वर्षं. सादिया नंतर जन्मली, तिलाही तेच सांगितलं. आमच्या घरात जिकराताई म्हणजे बाहुली मागणारी ताई. जाण्याच्या दोन दिवस आधी अजराने माझा हात धरला आणि म्हणाली, "पोरीची बाहुली इसरू नका." मी मान हलवली.

पोरीचे शेवटचे शब्द मी बनवून दिले होते. खरे काय होते ते एका कॅसेटवर होतं, आणि त्यावर मी माझा आवाज भरून बसलो होतो.

४

अजराचा चाळिसावा दिवस झाल्यावर सादिया तो डबा पेणला घेऊन गेली. तिथे दत्तात्रेय म्हणून एक जण आहे. गणपतीत मंडळांना स्पीकर भाड्याने देतो, आणि एरवी जुन्या कॅसेटींच्या फाइली करून देतो. सगळ्या एकोणीस कॅसेटी माझ्या फोनमध्ये आल्या.

अजराचा आवाज ऐकायची हिंमत नव्हती. मी त्या ऑगस्टच्या कॅसेटची बी बाजू लावली. मनात एकच आशा होती, आणि ती कारागिराची आशा होती. माझा जुबैलचा टेप रद्दी होता. त्याचं खोडायचं हेड झिजलेलं होतं. असा टेप जुना आवाज पुरता खोडत नाही, तळाला थोडा ठेवतो. साध्या स्पीकरला तो कळणार नाही. पण हाय तेवढंच आणि हाय तसंच ऐकवणाऱ्या ह्या शेपटीला कळेल.

तेहतीस वर्षांचा मी बोलायला लागलो. काय माज होता आवाजात! मला स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याच्या खाली सहा माणसांच्या खोलीची घरघर, जुना एसी. आणि त्याच्याही खाली, पार तळाला—

कर्र. टक.

मी हेडफोन काढला. समोर झोपाळा स्थिर होता. वारासुद्धा नव्हता. परत चढवला. कर्र, टक. जुबैलच्या खोलीत झोपाळा कुठून येणार? हा आमच्या पडवीचा आवाज होता, पोरगी बोलत होती त्या दुपारचा. खोडला गेला नव्हता!

मी खुर्चीत बसून ढसाढसा रडलो. आनंदाने, हो, आनंदाने. आत होती माझी पोर.

मग मी रोज ऐकायला लागलो. तिसऱ्या दिवशी तिचा नाक ओढल्याचा आवाज मिळाला. पाचव्या दिवशी एक शब्द, "अब्बा." सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझा जुना आवाज मागे चाललाय. आदल्या दिवसापेक्षा बारीक. आणि झोपाळा पुढे आलाय. फाइल कशी बदलेल? फाइल म्हणजे काय दूध आहे नासायला? मी स्वतःला समजावलं, कान सरावतात रे मुसा. जो आवाज हवा असतो त्याच्याकडे कान वळतात. कॉम्प्रेसरचं नाही का तसंच होतं?

समजावलं, पण आवाजाचं बटण होतं तिथेच होतं, मी त्याला हात लावला नव्हता.

५

खात्री करून घ्यायला मी पेणला गेलो. गाडीत खिडकीशी बसलो, कॅसेट खिशात. कासू स्टेशन गेलं तेव्हा समोरच्या बाईने विचारलं, चाचा, बरं नाय काय? मी म्हटलं, खोकला आहे. तो खरंच होता. दोन वर्षांमागच्या आजारपणापासून मला दोनदा खोकून घसा खाकरायची खोड लागली आहे.

दत्तात्रेयने कॅसेट पुन्हा मशिनवर चढवली आणि त्याच्या त्या पुरुषभर उंच स्पीकरवर लावली. माझा आवाज आला, दुसरं काही नाही.

"काय नाय चाचा. तुम्हीच आहात."

"हे घे," मी म्हटलं आणि माझा फोन, शेपूट, हेडफोन त्याच्यासमोर ठेवलं. "ह्याच्यावर ऐक."

तो डोळे मिटून ऐकत बसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. थोड्या वेळाने त्याने बोट वर केलं.

"व्हय, झोपाळा आहे. बरोबर." मग कपाळाला आठी पडली. "हा म्हातारा कोण?"

"कसला म्हातारा?"

"जवळ बसलाय कोणतरी. माइकच्या अगदी जवळ. श्वास ऐकू येतोय. हा बघा, खोकला. दोनदा. आता घसा खाकरला."

नेमका तेव्हाच मला खोकला आला. दोनदा. आणि मग मी घसा खाकरला.

दत्तात्रेयने डोळे उघडले. हेडफोन हळूच काढला आणि टेबलावर ठेवला.

"तुमचाच आवाज आत गेला असेल," तो म्हणाला.

"कुठून जाईल? ह्या वायरला माइक नाय. आणि तू माझ्या आधी ऐकलंस."

त्याने वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाला, चहा मागवतो. पण मागवला नाही, उठून दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. मी निघालो तेव्हा एवढंच बोलला, "चाचा, राहू द्या ना आता ती कॅसेट."

६

दुसऱ्या दिवशी मी ए बाजू लावली. कुठेतरी उत्तर असणार आणि ते अजराकडे असणार. घरातली उत्तरं नेहमी तिच्याकडेच असायची.

तिचा आवाज आला. एवढी तरणी होती ती! कौलांबद्दल बोलली, शेळीबद्दल बोलली. मग म्हणाली, "जिकराचा ताप उतरत नाय. डॉक्टर म्हणतो मोकळ्या हवेत ठेवा, म्हणून पडवीत झोपाळ्याजवळ तिची गादी घातलीया. तिथं बरी असते."

इथपर्यंत मी जुबैलला ऐकलं होतं. पुढचं मी झोपेत घालवलं होतं. ते आता एकतीस वर्षांनी ऐकलं.

"अवो, एक सांगू काय? हसू नका. पोरगी म्हणते, पडवीत एक म्हातारा येऊन बसतो. रोज दुपारचा. खुर्चीवर बसतो म्हणते. आपल्या पडवीत खुर्ची कुठं हाय? मला तर कोण दिसत नाय. शेजारी इचारलं, कोण येत नाय. मला लय भीती वाटते. आतल्या खोलीत न्यावी म्हणते तिला. पण तिथं ओल हाय, कपडे पण तिथंच वाळत घातलेत, वारा नाय. काय करू? तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं करीन. तुमची बाजू पोरीनं घेतलीय बघा, माझं ऐकलं नाय. आधी तिचं ऐका, मग त्याच्यावर बोला. खुदा हाफिज."

खटका पडला, बाजू संपली.

मी काय जवाब दिला होता ते मला पाठ आहे. प्रत्येक कॅसेटच्या शेवटी मी तेच म्हणायचो. "घरातलं तुझं तू बघ. तुला बरं वाटेल तसं कर, माझी ना नाय." मला ते म्हणताना मोठेपणा वाटायचा. बायकोवर विश्वास टाकणारा नवरा!

अजराने ते ऐकलं. आणि तिला बरं वाटलं तसं केलं. जिकराची गादी आतल्या खोलीत गेली. तीन आठवड्यांत पोरगी संपली. शेवटपर्यंत अजरा म्हणायची, आत नेली नसती तर. मी म्हणायचो, जाऊ दे गो, तुझी काय चूक. तिला वाटायचं नवरा किती समजूतदार आहे.

मी खुर्चीतून उठलो. मग वळून त्या खुर्चीकडे बघितलं.

७

तुम्ही म्हणाल, आता तरी थांबायचं. मीही तेच म्हणालो. कॅसेट डब्यात ठेवली, हेडफोन कपाटात कोंबला. चार दिवस दुपारी मोहल्ल्यातल्या ओट्यांवर फिरत राहिलो.

पण पोरगी काय बोलली ते अजून कळलं नव्हतं. तिचं एकदा न ऐकून मी काय केलं होतं ते आता माहीत होतं. पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, एकदाच.

खुर्ची, शेपूट, हेडफोन, बी बाजू.

माझा जुना आवाज नव्हताच. जुबैलचा एसी नव्हता. फक्त आमची पडवी होती, अगदी स्वच्छ. नदीकडचा वारा, लांब एक कोंबडी, कर्र, टक. आणि माझ्या कानापासून वीतभर अंतरावर माझ्या लेकीचा श्वास, जरा घरघरणारा.

"अब्बा, मी जिकरा. ही तुमची बाजू हाय पण मी घेतलीय. अब्बा, ते म्हातारे बाबा आलेत. आता पण बसलेत. त्यांच्या दोनी कानांवर काळं काळं हाय, वाटीएवढं, आन एक दोरी हाय. ते डोळे मिटून रडतात."

माझे हात कानांकडे गेले. पण हेडफोन मी काढला नाही.

"ते काय करत नाय, अब्बा. नुसते बसतात. अम्मीला दिसत नाय म्हणून अम्मी घाबरते. मला आत नेणार म्हणते. आत घाण वास येतो, मला श्वास घेता येत नाय. तुमी सांगा ना अम्मीला, जिकराला पडवीतच राहू दे म्हणावं. अम्मी तुमचं ऐकते. सांगाल ना?"

"जिकरा," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

आणि क्षणभराने कानात, त्या दुपारच्या पडवीत, कुणीतरी दोनदा खोकलं, घसा खाकरला आणि थकलेल्या आवाजात म्हणालं, "जिकरा."

"अब्बा! त्यांना माझं नाव ठावं हाय!" पोरगी हसली. खरंच हसली, घाबरली नाही. "बघा, आता डोळे उघडतात. आता माझ्याकडे बघतात."

मी डोळे उघडले होते.

झोपाळ्यावर कोणी नव्हतं. पण आयुष्यभर भिंतींवर एसीची वजनं टांगत आलेला माणूस मी, मला दिसतं. उजव्या बाजूच्या कड्या सैल होत्या. डाव्या बाजूच्या ताणलेल्या होत्या, आणि पाट त्या बाजूला बोटभर खाली गेला होता. पाच वर्षांच्या पोरीचं असतं तेवढं वजन.

कानात, लांबून, आतून, अजराचा घाबरलेला आवाज आला. "जिकरा! कुणाशी बोलतेस गो? कोण हाय तिथं?" मग धावत येणारी पावलं, बांगड्या. मग खटका.

आणि मग मी. तेहतीस वर्षांचा, माजलेला, घाईतला. "...तुला बरं वाटेल तसं कर, माझी ना नाय. खुदा हाफिज."

८

डोकं अजून हिशेबाने चालवायचा प्रयत्न करतो मी. जे ऐकायचं होतं तेच ऐकलं, म्हणतो. बायको गेलेल्या माणसाचं मन काहीही वाजवतं, म्हणतो. मग दत्तात्रेयचा चेहरा आठवतो, आणि अजराचा प्रश्न, आपल्या पडवीत खुर्ची कुठं हाय. पुढचा विचार मी करत नाही. मी ऐकलं नाही म्हणून ती आत गेली. मी ऐकायला बसलो म्हणून ती आत गेली. ह्यातून मला वाट सापडत नाही.

हेडफोन मी अजराच्या डब्यात ठेवला आणि दोरीने बांधून टाकला. परत लावणार नाही. रोज दुपार झाली की हात वळवळतात, तिचं ते हसू परत ऐकावंसं वाटतं. जीव तुटतो, दुसरा शब्द नाही. पण मी बसलो की अजरा घाबरणार, आणि अजरा घाबरली की गादी उचलणार.

काल सादिया आली. सप्टेंबर लागला ना. हातात पिशवी, पिशवीत बाहुली, डोळे मिटणारी. अम्मी गेली तरी रीत मोडायची नाही, म्हणाली. मला शोधत ती आतल्या खोलीत आली. मी माझी खाट आणि खुर्ची इकडे आणली आहे.

"अब्बा, इथं काय बसलाय? भिंतींना केवढी ओल आहे! श्वास लागेल तुम्हाला. चला पडवीत, छान वारा आहे."

"नको," मी म्हटलं. "मी आत बरा आहे."

तिने पिशवीतून बाहुली काढून माझ्यासमोर धरली. एकतीस वर्षं मी ते बघितलं होतं. ह्या वेळी मला ते बघवलं नाही.

"सादिया, जिकरानं बाहुली मागितली नव्हती. मी खोटं बोललो तुझ्या अम्मीशी. मी तिचं ऐकलंच नव्हतं."

 सादियाच्या हातात बाहुली आडवी झाली आणि बाहुलीचे डोळे मिटले.

"मग काय मागितलं होतं ताईनं?"

"पडवी," मी म्हटलं. "पडवीत राहू द्या म्हणाली होती."

सादिया माझ्या शेजारी खाटेवर बसली. बाहेर कर्र झालं, आणि मग टक. अजरा बरोबर सांगायची, आतून कळतं कोण बसलंय ते.